मशीनचं पाणी सुटलं की मोरीत बुडबुडे

वाचकाचं पत्र:

"आमचं घर वडगावात, मामांजींनी १९७८ साली बांधलेलं. मागं परडं, परड्यात आड. गेले काही महिने वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की न्हाणीच्या जाळीतून बुडबुड आवाज येतो, कधीकधी काळपट पाणी वर येऊन पसरतं. सकाळी न्हाणीचं दार उघडलं की घाण वास. स्वयंपाकघरातलं सिंक मात्र छान चालतंय. प्लंबर दोनदा तार घालून गेला. पहिल्यांदा चार महिने बरं गेलं, दुसऱ्यांदा जेमतेम सहा आठवडे. मुलगा म्हणतो ॲसिड ओत. आमचे हे म्हणतात पावसाळा होऊ दे, दिवाळीच्या आधी एकदमच काम काढू. आडाकडं जाणारी शहाबादी फरशी एका अंगाला खचलीय, त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही, पण लिहावं वाटलं. आडाचं पाणी आम्ही अजून वापरतो. काय करायचं सांगा की."
– एक वाचक, वडगाव (बेळगाव)

नमस्कार ताई,

खचलेल्या फरशीचं वाक्य तुम्ही संकोचून शेवटी लिहिलंत, पण सगळ्या पत्रात मला तेच पहिलं दिसलं. संबंध असण्याची शक्यता दाट आहे. म्हणून कारणमीमांसा मागून, आधी तीन गोष्टी. ॲसिड ओतू नका. आडाचं पाणी आजपासून प्यायला आणि स्वयंपाकाला घेऊ नका. आणि काम दिवाळीवर ढकलू नका, मृगाच्या आत उरकून घ्या. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवलंत तर माझी हरकत नाही.

आता न्हाणीचं. न्हाणीची जाळी ही घरातली सगळ्यात खालची तोंड उघडी असलेली जागा. सिंक तीन फुटांवर, बेसिन त्याच उंचीला, संडासाचं भांडंही जमिनीपेक्षा वर. त्यामुळं खालची लाइन कुठंही अडली की वर चढणारं पाणी पहिल्यांदा न्हाणीत दिसतं. दोष न्हाणीचा असतोच असं नाही. तुमच्या प्लंबरनं जाळी उचलून तिथूनच तार घातली असेल, तर पाणी जिथं दिसलं तिथं त्यानं काम केलं, जिथं अडलंय तिथं नाही.

मशीनच का? अंघोळीचं पाणी तांब्यातांब्यानं जातं. बादलीभर पाणी संपायला आठ-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात अर्धवट अडलेली लाइनसुद्धा ते रिचवते. टॉप-लोड मशीन मात्र दोन-तीन बादल्या पाणी दोन-तीन मिनिटांत ढकलून देतं. लाइनची तब्येत खरी कळते ती तेव्हा. पाइपात अडकलेली हवा मागं ढकलली जाते आणि नहाणी ट्रॅपमधल्या, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यातल्या, पाण्यातून वर येते. तो तुमचा बुडबुड आवाज. मग साचलेलं पाणी ओसरताना आपल्या मागं ट्रॅपमधलं पाणीही खेचून नेतं. ट्रॅपमध्ये जे दोनेक इंच पाणी कायम उभं असतं, तेच गटाराचा वास घरात येऊ देत नाही. ते गेलं की रात्रभर गॅस आत येतो आणि सकाळी दार उघडल्यावर तुमच्या नाकाला कळतं.

सिंक चांगलं चालतंय याचं फार समाधान मानू नका. जुन्या घरांत स्वयंपाकघराचं पाणी बहुतेक वेळा वेगळ्या बाजूनं, वेगळ्या गली ट्रॅपमधून (भिंतीबाहेरच्या तसल्याच ट्रॅपमधून) चेंबरला, म्हणजे लाइनवरच्या झाकणाच्या हौदाला, जातं. याचा अर्थ एवढाच की अडथळा न्हाणी-संडासाच्या फाट्यावर, म्हणजे दोन्ही फाटे एकत्र येतात त्याच्या अलीकडं आहे. हा मात्र खरोखर उपयोगी धागा आहे, कारण खोदाई कुठं करायची ते त्यावरून ठरतं.

कुठल्याही घराला लागू पडेल असा ठोकताळा सांगतो. एकच जागा तुंबली आणि बाकी घर गप्प असेल तर दुखणं त्या जागेपुरतं आहे: केस, साबणाचा गाळ, भाताची शितं. जाळी काढा, हात घाला, साफ करा, विषय संपला. पण एका ठिकाणी पाणी सोडलं आणि दुसरीकडं काहीतरी हललं, म्हणजे फ्लश ओढला आणि न्हाणीत आवाज झाला, माडीवर कुणी अंघोळ केली आणि खालच्या संडासात पाणी चढलं, मशीन सोडलं आणि मोरी भरली, तर दुखणं त्या दोन्हींच्या पुढच्या सामायिक लाइनचं. कमोडमधल्या पाण्याकडंही लक्ष ठेवा. कुणी वापरलं नसताना ते कधी जास्त, कधी अगदी तळाला दिसत असेल तर लाइनमध्ये हवेची ओढाताण चालू आहे.

वासाचं एक वेगळं साधं कारण असू शकतं, तेही आधी तपासून घ्या. पाहुण्यांची म्हणून ठेवलेली, महिनोन्महिने न वापरलेली न्हाणी असेल तर तिथलं ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं. एक तांब्या पाणी ओता, वर दोन चमचे गोडं तेल सोडा म्हणजे लवकर वाळणार नाही. तेवढ्यानं वास गेला तर गेला. आणि गच्चीवर जाऊन व्हेंट पाइप, म्हणजे लाइनमधला गॅस वर सोडणारा उभा पाइप, बघा. वासाला कंटाळून त्याला टोपण बसवणारे लोक मी पाहिलेत, शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधणारेही. व्हेंट बंद केला की वास घराबाहेर जायचा तो घरात येतो.

आता तुमच्या पत्रातले चार महिने आणि सहा आठवडे. तार घालणं म्हणजे चिखलात काठी खुपसून भोक पाडणं. काठी काढली की चिखल पुन्हा मिटतो. नुसता गाळ असता तर एकदा नीट साफ केल्यावर वर्ष-दोन वर्षं बघावं लागलं नसतं. इथं दोन तुंबण्यांमधलं अंतर कमी होत चाललंय, म्हणजे पाइपच्या आत असं काहीतरी आहे जे येणारा कचरा पकडून ठेवतंय: फुटलेली कड, सरकलेला जॉइंट, बसलेला तुकडा किंवा झाडाची मुळं. हे तारेनं बरं होत नाही. तिसऱ्यांदा तार घालायला पैसे देण्याआधी एवढं लक्षात घ्या.

घर १९७८ चं म्हणजे खाली पीव्हीसी असण्याची शक्यता कमी. त्या काळी सर्रास स्टोनवेअरचे, भाजक्या मातीचे चकचकीत तपकिरी पाइप घालत. पाइप स्वतः चिवट असतो, शंभर वर्षंही टिकेल, पण तो दोन-तीन फुटांच्या तुकड्यांत येतो. तीस फुटांच्या लाइनला दहा-पंधरा जॉइंट, प्रत्येक जॉइंट सुतळी आणि सिमेंटनं भरलेला. गवंड्याचा हात जिथं घाईत चालला असेल तो जॉइंट आज पन्नाशीच्या घरात आलेला आहे.

त्यात आपली जमीन. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात पिकतं ते काळ्या मातीत, आणि वस्ती वाढत गेली तीही त्याच मातीवर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षी पाइप थोडा उचलला जातो, थोडा खाली बसतो. पीव्हीसी थोडंफार वाकून घेतं, स्टोनवेअरचा जॉइंट घेत नाही. बळ्ळारी नाला पात्राबाहेर आला की शिवारासकट आसपासच्या वस्तीचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात घरंच्या घरं पडली. जी उभी राहिली त्यांच्या जमिनीखाली काय सरकलं, ते कुणी उकरून पाहिलं नाही.

जॉइंट उघडा पडला की दोन उलटसुलट गोष्टी होतात. उन्हाळ्यात पाइपातलं पाणी बाहेर मुरतं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि बाहेरून पाइपात शिरतं, येताना माती घेऊन येतं. ती माती वाहून गेली की वर पोकळी राहते, आणि एक दिवस फरशी खचते. म्हणून म्हटलं, संबंध आहे. परड्यात अजून काही दिसतंय का बघा. इतरत्र सगळं वाळलेलं असताना एकाच पट्ट्यात गवत हिरवंगार आहे का? जास्वंद किंवा केळ पाणी न घालताही माजलीय का? भिंतीच्या पायाशी ओल चढतेय का, आणि ती नळाच्या नाही तर संडासाच्या बाजूला आहे का? घुशींनी उकरलेल्या मातीचा ढीग चेंबरच्या आसपास दिसतोय का? घूस उगीच येत नाही. फुटलेला पाइप तिला घरही देतो आणि खाणंही. रात्री जाळीतून झुरळं येत असतील किंवा भिंतीवर बारीक केसाळ पंखांच्या माश्या बसलेल्या दिसत असतील, तर गाळ पाइपात जवळच साचलाय असं धरा.

आता एक सकाळ काढा आणि चेंबर उघडून बघा. सगळ्यांच्या अंघोळींच्या आधी. झाकण पहारीनं उचलून बाजूला सारा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. तोवर तोंड आत घालून वाकायचं नाही, बिडी-काडी नाही, उदबत्तीसुद्धा नाही. आतला गॅस पेट घेऊ शकतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा जो गॅस असतो तो थोडा असला तर नाकाला कळतो, फार असला तर नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. लहान मुलांना परड्यात येऊ देऊ नका.

चेंबरच्या तळाला अर्धगोल पन्हळ असते. चांगल्या चेंबरमध्ये ती ओली पण रिकामी दिसते. आधी भिंती बघा. आतल्या गिलाव्यावर काळी रेघ असेल तर पाणी तिथवर चढून गेलंय, तुम्ही पाहिलं नाहीत तेव्हाही. रेघ पन्हळीच्या लगत असेल तर किरकोळ, वीतभर वर असेल तर लाइन बरेचदा भरतेय. मग तळाला काय पडलंय ते बघा. पांढरट, मेणासारखे गोळे स्वयंपाकघरातून आलेल्या तुपातेलाचे. पाइपाच्या तोंडातून केसांच्या झुपक्यासारखं काही लोंबत असेल तर ती मुळं. आणि माती, खडे, विटेचे कपचे असतील तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. संडासातून माती येत नाही. ती फुटक्या पाइपातूनच येते.

यानंतर एकानं न्हाणीत एक बादली पाणी एकदम ओतायचं आणि दुसऱ्यानं चेंबरपाशी उभं राहायचं. पाणी काही सेकंदांत यायला हवं, एका लोटात यायला हवं आणि पुढं निघून जायला हवं. आलं आणि चेंबरमध्येच उभं राहिलं, तर अडथळा पुढं आहे. उशिरा, बारीक धारेनं आलं तर घर आणि चेंबर यांच्या मध्ये. आणि बादली ओतून चेंबरमध्ये निम्मंच पाणी आलं, बाकीचं बराच वेळ थांबूनही आलं नाही, तर ते वाटेत जमिनीत गेलं. तुमच्या घरी मला याचीच भीती आहे. हीच परीक्षा संडासाची आणि सिंकची वेगवेगळी करा. कुठलं पाणी कुठल्या तोंडातून आलं ते कागदावर लिहून ठेवा, कारण १९७८ चा नकाशा कुणाकडं असेल असं मला वाटत नाही.

रात्री सगळे झोपल्यावर एकदा टॉर्च घेऊन याच चेंबरमध्ये बघा. घरात एकही नळ चालू नसताना पन्हळीत पाण्याची बारीक धार वाहत असेल तर एक तर फ्लशची टाकी गळतेय, नाहीतर जमिनीतलं पाणी आत येतंय. टाकीचा कॉक बंद करून पुन्हा बघितलंत की निवाडा होतो.

मग आड. आपल्या भागात विहिरींचं प्रेम जुनं आहे. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर आजही लोक दाखवतात, आणि शहापूर-वडगावातली कित्येक घरं नळ येईपर्यंत आडावरच जगली. नळाला रोज पाणी नसेल तिथं आजही आडाचाच आधार असतो, म्हणून 'वापरू नका' सांगताना मला जड जातं. पण फुटकी लाइन आणि आड यांच्यात काही फुटांचंच अंतर असेल तर मधली माती गाळणीचं काम करत नाही. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा असा नियम आहे, आणि तुमची लाइन तर आडाला खेटून जात असावी.

पाणी दिसायला नितळ असलं तरी त्यावर जाऊ नका. टायफॉइड आणि कावीळ दोन्ही नितळ पाण्यातून येतात. एच-टू-एस चाचणीची छोटी बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी घाणीनं दूषित आहे. बाटली काळी झाली नाही तरी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एकदा नमुना द्या. संडासाच्या भांड्यात खाण्याचा रंग ओतून आडात तो उतरतो का बघणं हाही उपाय लोक करतात. उतरला तर खात्री पटली. नाही उतरला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण एवढ्या पाण्यात तो फिका पडून दिसेनासा होतो. दुरुस्ती होईपर्यंत ते पाणी फक्त फरशी पुसायला, संडासाला वापरा. दुरुस्तीनंतर आड उपसून घ्या आणि ब्लीचिंग पावडर टाका. ताज्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. रात्री टाकून सकाळपर्यंत पाणी काढायचं नाही. आणि पुन्हा तपासणी झाल्याशिवाय प्यायचं नाही.

नळाचं पाणीही जाता जाता बघून घ्या. पाणी एक-दोन दिवसाआड येतं तिथं मधल्या वेळात नळाचे पाइप रिकामे असतात, आणि शेजारून फुटकी गटाराची लाइन जात असेल तर घाण आत ओढली जाते. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी गढूळ किंवा वासाचं असेल तर ते सोडून द्या आणि लगेच वॉर्डात कळवा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, मी विचारतो. तुमच्या गच्चीचं पाणी कुठं जातं? आपल्याकडं कितीतरी घरांनी गच्चीचा पाइप सरळ यूजीडीच्या, म्हणजे महापालिकेच्या भुयारी गटाराच्या, चेंबरला जोडलेला आहे. वर्षभर काही होत नाही. जुलैत झड लागली की एका गल्लीतल्या वीस-पंचवीस गच्च्यांचं पाणी त्या लाइनमध्ये उतरतं, जी संडास-न्हाणीच्या पाण्यासाठी बांधली होती. मग रस्त्यावरची झाकणं उचलली जातात आणि सगळ्यात सखल घरात पाणी उलटं येतं. वर आपणच म्हणतो, महापालिका काही करत नाही. तुमचा पाइप तसा जोडलेला असेल तर तो काढून उघड्या पावसाळी गटाराला वळवा. त्याहून बरं म्हणजे आडाचं पुनर्भरण करा, पण गाळण्याची टाकी करूनच, आणि आधी ड्रेनेज दुरुस्त करूनच.

जुन्या गल्ल्यांचं आणखी एक दुखणं आहे. रस्त्यावर काँक्रीटवर काँक्रीट चढत गेलं आणि जोत्यावरची घरं रस्त्याच्या पातळीला आली, काही खाली गेली. रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण तुमच्या न्हाणीच्या जमिनीपेक्षा उंच असेल तर रस्त्याखालची लाइन तुंबल्यावर पाणी रस्त्यावर यायच्या आधी तुमच्या घरात येणार. याला उपाय नॉन-रिटर्न व्हॉल्व. घरातून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या चेंबरमध्ये बसतो, पाणी जाऊ देतो, येऊ देत नाही. वर्षातून एकदा उघडून साफ करावा लागतो, नाहीतर तोच तुंबण्याचं कारण होतो.

जबाबदारी कुणाची हे चेंबर उघडल्यावर कळेल. तुमच्या हद्दीतल्या चेंबरपर्यंतचं काम तुमचं. तुमचा शेवटचा चेंबर भरलेला, रस्त्यावरचा मॅनहोलही भरलेला, आणि शेजारच्या दोन घरांचीही हीच रड असेल तर काम महापालिकेचं. तसं असेल तर एकट्यानं जाऊ नका, तीन घरांनी सह्या करून अर्ज द्या. वॉर्ड नंबर, जवळची खूण, किती दिवसांपासून, आणि फोटो: उघड्या चेंबरचा, त्या काळ्या रेघेचा. पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. अर्ज मराठीत द्यावा की कन्नडात यावर आपल्याकडं वेगळा दिवसभराचा वाद होऊ शकतो. शेजारच्या कन्नड शिकलेल्या मुलाकडून एक प्रत लिहून घ्या आणि दोन्ही जोडा. फोटोला भाषांतर लागत नाही.

ॲसिडबद्दल मुलाला सांगा: त्यानं केस आणि चरबी थोडी जळते, माती, मुळं आणि फुटका पाइप यांना काही होत नाही, सिमेंटचे जॉइंट मात्र खाऊन निघतात. तुंबलेल्या न्हाणीत ओतलेलं ॲसिड तिथंच उभं राहतं आणि पुढं जाळीत हात घालणाऱ्याच्या अंगावर उडतं. त्यात कुणी आधी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर बंद न्हाणीत क्लोरीन तयार होतो. त्यानं माणसं दवाखान्यात पोचतात.

ज्यांच्याकडं यूजीडी नाही, खानापूरकडची गावं, कंग्राळी-उचगावच्या बाजूची नवी घरं, त्यांच्यासाठी थोडक्यात. सेप्टिक टँक पाण्यानं भरलेलीच असते, 'टाकी भरली' म्हणून घाबरू नका. बघायचं ते तळाचा गाळ किती आहे ते. तो टाकीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला की उपसायची वेळ झाली, साधारण दोन-तीन वर्षांनी. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात शोषखड्डा काठोकाठ भरला की संडासाचं पाणी मंदावतं, ते पाऊस ओसरल्यावर सुधारलं तर ठीक, नाहीतर खड्डा बुजलाय. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी पटकन मुरतं म्हणून लोक खूश असतात, पण तसंच ते पटकन विहिरीलाही पोचतं. काळ्या मातीत उलट, खड्डा मुरतच नाही.

आता तुमचं काम. परडं खणायला मे महिन्यासारखा महिना नाही. माती कोरडी, चर उभा राहतो, ओल कुठून येतेय ते डोळ्यांना दिसतं. जूनमध्ये काळ्या मातीत चर काढलात तर सकाळी काढलेला दुपारी बसेल आणि आतलं पाणी उपसण्यातच मजुरी जाईल. शक्य असेल तर आधी कुणाकडून पाइपात कॅमेरा घालून घ्या, म्हणजे सगळी लाइन उकरावी लागणार नाही. ती सोय नसेल तर खचलेल्या फरशीपासूनच सुरुवात करा. एखाददुसरा जॉइंट गेला असेल आणि बाकीचे घट्ट असतील तर तेवढाच बदला. दोन-तीन ठिकाणी गेलेला दिसला तर मोह आवरा आणि पूर्ण लाइन पीव्हीसीची करा, जमल्यास आडापासून लांबून वळवून. उताराचा जुना ठोकताळा: चार इंची पाइपला चाळीस फुटांना एक फूट, सहा इंचीला साठ फुटांना एक फूट. उतार कमी पडला तर मैला बसतो. फार दिला तर पाणी पुढं पळतं आणि मैला मागं राहतो, हे बऱ्याच गवंड्यांनाही पटत नाही. काटकोनात वळण नको. वळण आलंच तर तिथं चेंबर हवा.

कंत्राटदार कुणीही असो, चेंबरमध्ये किंवा टाकीत माणूस उतरवायचा नाही. तो स्वतः 'मी उतरतो, काही होत नाही' म्हणाला तरी नाही. हातानं मैला काढायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, उतरवणाऱ्यावर खटला होतो. आणि गटारात जीव गेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलंय. जेटिंगची (जोराच्या पाण्यानं लाइन धुणारी) किंवा उपसणारी गाडी बोलवा. गल्लीत गाडी शिरत नसेल तर लांब पाइप असलेली मागा, मिळते.

काम होईपर्यंत मशीन लावायला हरकत नाही, फक्त त्याची नळी न्हाणीत सोडू नका. मोठ्या टबात पाणी घेऊन सावकाश ओता, आणि आडाच्या बाजूला अजिबात नको. रविवारच्या मटणाच्या पातेल्यातली चरबी कागदानं पुसून कचऱ्यात टाका. थंडीच्या दिवसांत ती पाइपात थिजते, आणि आज चांगलं चालणारं तुमचं सिंक पुढच्या जानेवारीत तेच रडगाणं सुरू करेल. डायपर आणि पॅड संडासात जात नाहीत ना, तेही घरात एकदा स्पष्ट विचारा. अवघड वाटलं तरी विचारा.

नवी लाइन टाकून झाली की माती ओढायच्या आधी पाण्याची परीक्षा घ्यायची. खालच्या चेंबरमध्ये पाइपाचं तोंड चिंध्या आणि माती घालून घट्ट बंद करायचं, वरच्या चेंबरमध्ये पाणी भरायचं, पातळीवर खडूनं रेघ मारायची आणि तासभर थांबायचं. पातळी हलली नाही तर झाकायचं. हलली तर कुठला जॉइंट ओला झालाय ते उघड्या चरात लगेच दिसतं, तेव्हाच दुरुस्त करून घ्यायचं. ही परीक्षा तुमच्या किंवा यजमानांच्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे. माणसं म्हणतील अंधार पडायला आलाय, आधी झाकून घेऊ, पाणी उद्या सोडून बघू. त्यांना चहा द्या, घरी जाऊ द्या, चर रात्रभर उघडा राहू दे. कडेला दोन फळ्या आणि एक दिवा लावा म्हणजे कुणी पडणार नाही. उरलेली मजुरी त्या खडूच्या रेघेनंतर द्या.